डावा पाय राहिला

आमचे नवे पाळक मनाने चांगले आहेत, पण त्यांना कल्पना सुचतात. जुने पाळक रविवारी येत, उपासना घेत, चहाबरोबर दोन बिस्किटं खात आणि तिसरं खिशात टाकून जात. त्यांच्यापासून कुणाला काही धोका नव्हता. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण ह्यांचा दहावा महिना चालू होता आणि कल्पना थांबायचं नाव घेत नव्हत्या.

आमच्या होममध्ये दर वर्षी एक कौतुकदिन असतो. आम्हा सव्वीस म्हाताऱ्यांना उठवणाऱ्या, बसवणाऱ्या, भरवणाऱ्या आणि धुणाऱ्या एकोणीस माणसांचे त्या दिवशी आभार मानायचे. पद्धत ठरलेली होती. आम्ही एक गाणं म्हणायचं, त्यातला अर्धा भाग मागच्या वर्षीच्या गाण्याचा निघायचा. मग केक, मग प्रत्येकाला नाव छापलेला एक कप. आमच्या स्वयंपाकीणबाईंकडे असे सात कप झाले होते. एकात त्या भांडी घासायचा साबण ठेवत.

ह्या वर्षी पाळकसाहेब चर्चच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. आपण आपल्या सेवकांचे पाय धुवू या."

सगळीकडे शांतता पसरली. ती भक्तीची होती असं पाळकसाहेबांना वाटलं. खरं तर प्रत्येक जण आपापल्या गुडघ्यांचा विचार करत होता.

माझ्या शेजारच्या कॉटवरचे मास्तर भूमितीचे निवृत्त शिक्षक आहेत. देवाशी ते रोज अर्धा तास बोलतात, आणि तेही पुराव्यानिशी. ते लगेच उठले आणि विचारलं, "स्टुलावर बसून धुतले तर चालेल का? शास्त्रात स्टुलाचा उल्लेख नाही." पाळकसाहेब म्हणाले, चालेल. मास्तरांना ते फारसं पटलं नाही, पण त्यांच्या गुडघ्यांना पटलं.

खरी पंचाईत झाली ती कर्मचाऱ्यांची. स्वयंपाकीणबाई मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या, "काका, माझ्या आजीच्या वयाच्या बायकांकडून पाय धुवून घेऊ मी? कुठे फेडू हे?" माळ्याने सुट्टी मागितली. पण आमच्या अधीक्षिका मॅडमनी नोटीस लावली की उपस्थिती सक्तीची आहे. म्हणजे आभार मानून घ्यायचे नसतील तर कामावरून गैरहजर धरणार. मग सगळ्यांनी आपले पाय घासायला सुरुवात केली. चार दिवस आधीपासून ह्या इमारतीत दगडाने टाचा घासल्याचा आवाज येत होता. आम्हाला धुवायला काही शिल्लकच राहणार नव्हतं.

आता माझ्याबद्दल सांगतो. मी एकेचाळीस वर्षं बुटांच्या दुकानात विकायला उभा होतो. उभा म्हणजे म्हणायला, खरं तर वाकलेला. लोक माणसाचा चेहरा बघतात, मी पाय बघतो. चेहऱ्यावर माणूस काय वाटेल ते चिकटवू शकतो, पायाला ते जमत नाही. आमच्या मॅडम पाच नंबरचा बूट घालतात आणि त्यांचा पाय साडेसहाचा आहे. त्या दिवसभर सगळ्यांवर का डाफरतात हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी बोललो नाही. आमच्या धंद्याचा पहिला नियमच तो. गिऱ्हाइकाच्या मोज्याला भोक असलं, नखं वाढलेली असली, वास येत असला, तरी आपण बुटाबद्दल बोलायचं. जे दिसतं ते बोलायचं नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं लोक टोमणा म्हणून म्हणतात. माझं त्याच्यावर पोट भरत होतं.

आणि तुरतुरीबद्दल सांगायचं राहिलं. ती आम्हाला आंघोळ घालते. मी इथं आलो तेव्हा पहिले तीन दिवस आंघोळच केली नव्हती. लाज वाटत होती. ऐंशी वर्षांच्या माणसाने पन्नाशीच्या बाईसमोर कपडे काढून प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं, ही काही सोपी गोष्ट नाही. चौथ्या दिवशी ती आली, मला काही विचारलं नाही, बादलीत कोपर बुडवून पाणी पाहिलं आणि म्हणाली, "काका, पाणी निवलं की मला पुन्हा तापवावं लागेल. माझ्यासाठी चला." मी गेलो. बरोबर जिथे डोळे फिरवायला हवेत तिथे ती डोळे फिरवत होती, आणि सगळा वेळ सांगत होती की तिच्या धाकट्या मुलीला गणितात किती मिळाले. मला कळलं, ही आपल्याच धंद्यातली. हिलाही सगळं दिसतं आणि ही बोलत नाही.

तिचं नाव तुरतुरी आम्हीच ठेवलं, तिच्या चालण्यावरून. बुटकी, भरलेली, आणि पाय तुर तुर तुर. व्हरांड्याच्या लांबच्या टोकाहून ती निघाली की आम्हाला अंथरुणात कळायचं आणि ज्याला आंघोळ टाळायची असेल तो झोपेचं सोंग घ्यायचा. तिला हे नाव माहीत होतं. एकदा म्हणाली, "लग्नाआधी पळायच्या शर्यतीत पहिली यायची मी."

कौतुकदिनाच्या महिनाभर आधीपासून तो आवाज बदलला होता. तुर, मग थप. तुर, थप. रबरी चपला सोडून ती बंद बूट घालून मोरीत येऊ लागली होती. थंडीमुळे, म्हणाली. थंडी नव्हती. बूट पुरुषी होते, आठ नंबरचे. उजव्याच्या टाचेत तिने कापूस कोंबला होता, कारण उजवा पाय सहाचाच होता. डावा मात्र आठ नंबरमध्येही गच्च बसला होता. माझ्यासारख्याला ह्यापुढे सांगावं लागत नाही.

मी बोललो नाही. बुटाबद्दलही नाही.

चिठ्ठ्या टाकायचा दिवस आला. दानाच्या पिशवीत एकोणीस नावं आणि सात कोऱ्या चिठ्ठ्या टाकून पाळकसाहेब प्रत्येकापुढे ती पिशवी धरत होते. सवयीने दोघातिघांनी त्यात नाणी टाकली. मला स्वयंपाकीणबाई आल्या आणि मास्तरांना तुरतुरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या पाठीला साबण लावत होती. मधेच तिचा हात थांबला.

"काका, मास्तरांकडून माझी चिठ्ठी तुम्ही घ्या ना."

"का गं?"

"त्यांना सगळं पद्धतशीर लागतं. दोन्ही पाय धुतील, मोजून. तुम्ही माझा उजवाच धुवा. डाव्यावर नुसतं पाणी दाखवल्यासारखं करा. बूट काढायचा नाही मला."

मी म्हणालो, "किती दिवस झाले?"

तिने साबण खाली ठेवला. मग म्हणाली, "खडा रुतला होता. मला कळलंच नाही. साखर आहे ना, पायाला समजत नाही काही. भरेल हळूहळू."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"काका, नियम तुम्हाला माहीत आहे."

नियम मला माहीत होता, तो मोरीच्या दारावरच चिकटवलेला होता. ज्याला जखम किंवा संसर्ग आहे त्याने रहिवाशांच्या अंगाला हात लावायचा नाही. आणि तीन आठवड्यांपेक्षा जास्त रजा झाली तर जागा दुसऱ्याला द्यायची. होमच्या मंडळावरच्या सात पुरुषांनी तो केला होता आणि त्यांतल्या एकानेही कधी कुणाला आंघोळ घातली नसणार.

"सासू आहे, दोन पोरी आहेत. मी घरी बसले की सगळं घर बसलं," ती म्हणाली. "तुम्ही कुणाला सांगत नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं."

मी कबूल केलं. ती माझ्या अंगावर पाणी ओतत होती आणि मी हो म्हणालो. त्या अवस्थेत दुसरं काय म्हणणार? मास्तर चिठ्ठी बदलायला तयार झाले, पण आठवडाभर वर्तमानपत्र आधी त्यांना मिळालं पाहिजे, ह्या अटीवर. देवाच्या माणसांनाही बातम्या ताज्या लागतात.

त्या दुपारी मला झोप लागली नाही, कारण मला तो टपालवाला आठवला. माझ्या दुकानात एक टपालवाला यायचा. भला माणूस, दिवसभर पायी फिरायचा. एकदा आला तो एक नंबर मोठा बूट मागायला, फक्त डाव्या पायाला घट्ट होतो म्हणून. मोजा काढला तेव्हा अंगठा काळानिळा झालेला मी पाहिला. वासही आला. मी माझा नियम पाळला. त्याला मोठा बूट दिला, वर कापसाचा बोळा दिला आणि आपण किती अदबीने वागलो ह्याचं मला समाधान वाटलं. आठ महिन्यांनी तो कुबड्यांवर आला आणि विचारलं, "एकच बूट मिळेल का? उजवा?" मी म्हणालो, जोडी फोडता येत नाही. त्याने जोडी घेतली, उजवा बूट पिशवीत घातला आणि डावा काउंटरवर ठेवून गेला. तो बूट अकरा वर्षं मागच्या फळीवर होता. मालक म्हणायचा फेकून दे. मी फेकला नाही, आणि का नाही ते त्याला सांगितलंही नाही.

कौतुकदिन उजाडला. चर्चमध्ये एकोणीस खुर्च्या एका रांगेत, पुढे एकोणीस बादल्या, त्यापुढे मोरीतली एकोणीस स्टुलं. पाळकसाहेबांना देखावा पवित्र वाटत होता. मला तो सेलच्या पहिल्या दिवसासारखा वाटत होता. कर्मचारी वधूपरीक्षेला आल्यासारखे गुडघे जुळवून बसले होते. माळ्याने पायाला अत्तर लावलं होतं.

मेट्रनबाईंच्या वाट्याला मॅडम आल्या होत्या. मेट्रनबाई नव्वदीच्या आहेत. आयुष्यभर त्यांनी शस्त्रक्रियेचे वॉर्ड सांभाळले. आज वार कोणता हे त्या दिवसातून पाच वेळा विचारतात, पण त्यांचा आवाज अजून वॉर्डातच आहे. मॅडमचा बूट निघेना. मेट्रनबाईंनी ओढून काढला आणि म्हणाल्या, "एवढ्याशा बुटात एवढा पाय? मूर्ख मुलगी." सगळ्यांनी ऐकलं. पाळकसाहेबांनी घाईने गीतपुस्तकातल्या पुढच्या गाण्याचा आकडा सांगितला.

मी स्टुलावर बसलो. तुरतुरीने उजवा पाय पुढे केला. स्वच्छ, मजबूत पाय होता, बोटं सरळ, टाच भक्कम. शर्यतीत पहिली येणाऱ्या पोरीचा पाय. मी पाणी ओतलं, हात फिरवला, टॉवेलने पुसला. आयुष्यात मी हजारो पाय हातात घेतले असतील, पण विकायला काही नसताना कधीच नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं वाटलं.

मग मी डाव्या बुटाकडे पाहिलं. लेस शेवटच्या भोकापर्यंत सैल सोडलेली होती. घोट्याच्या वर कातडी ताणून चमकत होती. आणि वास आला. साबण, अत्तर, मेणबत्त्या, सगळ्यांच्या खालून तोच वास, दुकानातला.

मी लेस सोडायला लागलो.

"काका, नको," ती ओठांत म्हणाली. "तुम्ही कबूल केलं होतं."

"केलं होतं," मी म्हणालो आणि बूट काढला.

आत आमच्याच होमच्या जुन्या चादरीची पट्टी होती, धुलाईचा शिक्का दिसत होता. खालचं मी वर्णन करत नाही. मी मान वर केली तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत राग नव्हता. गिऱ्हाइकाने विश्वासाने मोजा काढावा आणि आपण सगळ्या दुकानाला बोलावून दाखवावं, तसं मी केलं होतं आणि तसंच ती बघत होती.

"मेट्रनबाई," मी हाक मारली, "इकडे या जरा."

मॅडमचा ओला पाय तसाच सोडून मेट्रनबाई आपला वॉकर ढकलत आल्या. वाकल्या. दोन बोटांनी घोट्याच्या वर दाबून पाहिलं. "साखर? किती वर्षं? रात्री थंडी वाजते?" तुरतुरी उत्तरं देत गेली. त्या आवाजाला उत्तर न देणं शक्यच नव्हतं. मेट्रनबाई सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "आजच्या आज सर्जनकडे. उद्या नाही." मग मॅडमकडे वळून, "सिस्टर, बघत काय बसलात? ट्रॉली आणा."

आणि आमच्या अधीक्षिका मॅडम, एक पाय ओला आणि एक बुटात, खरोखर ट्रॉली आणायला धावल्या. ट्रॉली मिळाली नाही, म्हणून चाकांची खुर्ची आली. तुरतुरीला तिच्यात बसवून नेलं. तिने माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. बाकीच्यांचे पाय कसेबसे उरकले. मी तिथेच बसलो होतो. नंतर मला स्टुलावरून उठवायला दोघे जण लागले.

पुढचे दिवस वाईट गेले. पाय वाचेल पण वेळ लागेल, अशी बातमी आली. दोन महिने तरी. मॅडमनी नोटीस लावली की बदलीची बाई येईल आणि तीन आठवड्यांनंतर तीच कायम होईल. मी त्यांच्याकडे गेलो तर म्हणाल्या, "नियम मी केलेला नाही, काका. आणि बूट मी काढलेला नाही." दोन्ही खरं होतं. त्या आता पायात सपाता घालून बसल्या होत्या आणि आवाज पूर्वीपेक्षा मऊ झाला होता, एवढाच काय तो त्या दिवसाचा फायदा.

होममध्ये माझ्याशी कुणी बोलेना. जेवणाच्या टेबलावर मीठ मागितलं तर माझ्यापुढून सरकवून पलीकडे देत. स्वयंपाकीणबाई माझ्या ताटात वाढताना डाव आपटत. मास्तर तेवढे बोलले. "तुम्ही बरोबर केलंत हे मी सिद्ध करू शकतो," ते म्हणाले. "पण तुमच्या शेजारी बसायचं माझ्या मनात नाही." मी तिच्या घरी निरोप पाठवला. उत्तर आलं नाही.

बदलीची बाई आली. तशी वाईट नव्हती. गोड बोलायची, सुगंधी साबण आणायची. पहिल्या दिवशी माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "चला, आपल्याला छान छान आंघोळ करायची आहे ना?" मी म्हणालो, नाही. तिने मॅडमना बोलावलं. मी आमचं माहितीपत्रक काढून दाखवलं. पान चार, रहिवाशांचे हक्क. कुणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध आंघोळ घातली जाणार नाही. खाली मंडळाच्या सातही जणांच्या सह्या.

मला कुठलं आंदोलन वगैरे करायचं नव्हतं, खरंच. तुरतुरीची जागा दुसऱ्या कुणी घ्यावी आणि त्यात माझी पाठ सामील व्हावी, हे मला सहन होत नव्हतं, इतकंच. पण दुसऱ्या दिवशी मास्तर सामील झाले. त्या बाईने त्यांना "बाळा" म्हटलं होतं. ज्या माणसाने तीन पिढ्यांना वर्तुळाचा परीघ शिकवला, त्याला बाळा. मास्तर टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून परत आले आणि माझ्या कॉटवर बसले. "किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"ती येईपर्यंत."

"वास येईल."

"येऊ दे की. ह्या वयात दुसरं काय करता येतं आपल्याला? उपोषण करावं तर गोळ्या जेवणानंतरच्या. मोर्चा काढावा तर फाटकापर्यंत जाऊन परत यायला दुपार होते."

मास्तरांनी विचार केला आणि म्हणाले, "हे निर्विवाद आहे."

चौथ्या दिवशी बायकांचा मजलाही सामील झाला. मेट्रनबाईंना कारण रोज सकाळी नव्याने सांगावं लागे, आणि त्या रोज सकाळी नव्याने चिडत. आठवड्याच्या शेवटी सव्वीसच्या सव्वीस जण न धुतलेले होते. लोक माझ्याशी पुन्हा बोलू लागले, फक्त जरा लांबून. स्वयंपाकीणबाईंनी खिडकीचं दार लावून घेतलं, पण माझ्या ताटात पुन्हा नीट वाढलं. मॅडमनी खिडक्या उघडल्या, उदबत्त्या लावल्या, आणि मंडळाला काहीच कळवलं नाही. आता मला वाटतं, त्यांनी ते मुद्दामच केलं.

बाराव्या दिवशी रविवार होता आणि मंडळाची बैठक. त्या आधी सातही जण उपासनेला बसतात, पहिल्या रांगेत. एरवी आम्ही मागे बसतो, कारण मागून लवकर बाहेर पडता येतं. त्या रविवारी आम्ही त्यांच्या मागच्या तीन रांगा भरल्या. उपासनेत सगळ्यांनी एकमेकांशी करायचं शांतीचं हस्तांदोलन आलं तेव्हा आम्ही कुणाला वगळलं नाही. मास्तरांनी तर अध्यक्षांना मिठीच मारली. पाळकसाहेब रुमाल नाकाला लावून प्रवचन करत होते आणि त्यांचे डोळे ओले होते. कशामुळे ते मी सांगू शकत नाही.

शेवटी अध्यक्षांना राहवलं नाही. त्यांनी मागे वळून मॅडमना विचारलं, "हा वास कसला आहे?"

उत्तर मेट्रनबाईंनी दिलं. "आमचा आहे. न धुतल्यावर माणूस असाच असतो. ती बाई रोज धुवत होती, म्हणून तुम्हाला माहीत नव्हतं."

अध्यक्ष खाली बघत होते. बैठक त्या दिवशी लवकर संपली, खिडक्या उघड्या ठेवून. तुरतुरीची जागा ती बरी होईपर्यंत राखून ठेवायची, आणि कर्मचाऱ्यांनाही आमच्याच डॉक्टरांनी तपासायचं, असं ठरलं. मॅडमनी नोटीस स्वतःच्या हाताने लावली, जुनी फाडून. दुसऱ्या दिवसापासून आम्ही बदलीच्या बाईकडून आंघोळी केल्या, कारण तुरतुरीची जागा आता जात नव्हती, आणि खाजही सुटली होती. मास्तरांना ती आता सर म्हणू लागली.

मी माझ्या जुन्या दुकानाला पत्र घातलं. मालकाचा मुलगा आता गल्ल्यावर बसतो. सहा नंबरचा एक जोड आणि सात नंबरचा एक, एकाच बनावटीचे, मऊ कातड्याचे, आत शिवण नसलेले. माप मी डोळ्यांनी घेतलं होतं. त्याने फोन करून विचारलं, "काका, दोन जोड कशाला? गिऱ्हाईक एकच ना?" मी म्हणालो, जोडी फोडायची आहे. तो हळहळला. त्याच्या बापाने मला तेव्हाच काढून टाकलं असतं.

नऊ आठवड्यांनी सकाळी मला आवाज आला. तुर, तुर, मधे थोडा खंड, तुर. झोपेचं सोंग कुणी घेतलं नाही. सगळी दारं उघडली. ती कुणाकुणाशी बोलत, हसत येत होती. माझ्या दारापाशी मात्र हसू थांबलं.

"चला," ती म्हणाली.

मी खोका काखेत धरून मोरीत गेलो. बादली भरलेली होती. मी खोका पुढे केला. तिने उघडला, दोन्ही बूट उलटे करून नंबर पाहिले आणि बाजूला ठेवले. मला वाटलं, हे असंच राहणार आता. आणि तसं राहिलं असतं तरी तो बूट मी पुन्हा काढला असता. पण तिच्याशिवाय मला इथं करमत नव्हतं, आणि ते तिला सांगावं इतकं धैर्य माझ्यात नव्हतं.

मी सदऱ्याची गुंडी काढायला लागलो तर ती म्हणाली, "थांबा."

ती माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"करंगळी गेली," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, आणखी आठ दिवस उशीर झाला असता तर गुडघ्यापासून गेला असता. मी तुम्हाला महिनाभर शिव्या दिल्या. रोज. सासूने ऐकल्यात."

"बरं केलंस."

"मग एके दिवशी शिव्या संपल्या." तिने चप्पल काढली आणि डावा पाय माझ्या गुडघ्यावर ठेवला. जखम भरून गुलाबी झाली होती. बोटं चार. "हा राहिला होता त्या दिवशी. धुवा."

मी स्टुलावर बसलो. तांब्या भरला आणि थांबलो.

"गरम नाही ना गं?"

"मला कुठे कळतंय तिथं," ती म्हणाली. "तुम्हीच बघा."

मी बाही वर केली, बादलीत कोपर बुडवलं आणि पाहिलं. पाणी बरोबर होतं.